पार्श्वभूमी: डिफ्यूजन एमआरआयला दृष्टीचं काम दिसतं का?

विसरण (डिफ्यूजन) म्हणजे पाण्याच्या रेणूंचं आपोआप इकडेतिकडे पसरणं. ते चुंबकक्षेत्राच्या छोट्या झटक्यांनी मोजण्याची पल्स्ड ग्रेडियंट पद्धत 1965ची; मेंदूवर ती वापरली जाऊ लागली 1980च्या दशकाच्या मध्यापासून. 1990च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं, की रक्तपुरवठा तुटलेल्या भागात पेशी फुगतात आणि पाण्याचं विसरण काही मिनिटांत मंदावतं. मग काम करतानाही पेशी किंचित फुगत असतील, तर ते थेट टिपता येईल, असा विचार पुढे आला. बोल्डवर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचं काम ओळखणाऱ्या नेहमीच्या एमआरआय सिग्नलवर, नाराज असलेल्यांना तो पटणारच होता. बोल्ड दाखवतो ते मागाहून धावून येणारं रक्त, आणि त्याचा कळस गाठायलाच पाच-सहा सेकंद जातात.

2001मध्ये लुकलुकत्या चौकटींच्या पटासमोर दृष्टीच्या बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) विसरण घटल्याचं नोंदलं गेलं. 2006मध्ये त्याच भागात, 1800पर्यंत आणि त्याहून जास्त बी-व्हॅल्यू (मोजणी विसरणाला किती संवेदनशील, याचं माप) वापरून, बोल्डच्या आधी उमटणारा प्रतिसाद मिळाला. ‘थेट आणि जलद’ असा दावा झाला आणि वादाला तोंड फुटलं.

विरोधकांनी 2007मध्ये काढलेली युक्ती साधी होती: माणसाला थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा द्यायची. त्याने रक्तवाहिन्या फैलावतात, पेशींना मात्र वेगळं काम लागत नाही. दावा खरा असेल तर जास्त बी-व्हॅल्यूचा सिग्नल जागचा हलू नये. तो हलला. म्हणजे त्यात रक्ताचा वाटा होता, हे नाकारणं अवघड झालं. पण वाटा असणं म्हणजे सगळंच रक्त असणं नव्हे, आणि हा गॅस चेतापेशींच्या बाबतीत अगदी तटस्थ आहे असंही नाही. या प्रयोगाला निकालपत्राचं वजन मिळालं, ते जरा जास्तच. 2013मध्ये उंदरांत औषधाने रक्ताचा प्रतिसाद दाबला, तेव्हा बोल्ड ओसरला आणि विसरणाचा बदल टिकला. उलट 2016मध्ये, रक्तवाहिन्याच नसलेल्या, बशीत वाढवलेल्या मेंदूच्या कापांत पेशींचं नेहमीचं काम विसरणाने टिपलंच नाही. मोठी विकृत खळबळ तेवढी दिसली.

दरम्यान काहींनी बाह्यक सोडून ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, धरली. तिथे रक्ताचा गोंधळ कमी आणि तंतू सरळ, समांतर. उंदराच्या डोळ्यासमोर प्रकाश लुकलुकवला, की तंतूंना आडवं विसरण सुमारे 27 टक्क्यांनी घटे, प्रकाश थांबला की पूर्ववत होई. तंतूंच्या दिशेचं विसरण जवळपास तसंच राही. दाह झालेल्या नर्व्हमध्ये ही घट कमी भरली. माणसात मात्र ही नर्व्ह जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची, भोवती चरबी आणि मेंदूतलं पाणी, आणि डोळा फिरला की तीही हलते.