मिथिलित डीएनए ओळखणारी प्रथिने

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीनला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडला गेला की ती खूण ओळखून जनुकांचे काम नियंत्रित करणारी प्रथिने. माणसात ही खूण बहुतांशी सायटोसीनपाठोपाठ ग्वानीन हे दुसरे अक्षर येते तिथे असते. अशा जोड्या सुमारे २.८ कोटी असून त्यांतल्या ७० ते ८० टक्के मिथिलित असतात. अक्षर तेच राहते, वाचन बदलते.

सोलापुरात चादरीच्या मागावर जकार्ड (नक्षी विणणारे यंत्र) चालताना पाहिलेल्याला हे लवकर उमजते. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वर फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एखाद्या भोकावर कागद चिकटवा: कार्ड तेच, सूतही तेच, पण मोराच्या पिसाऱ्यात तेवढी जागा रिकामी. दाखला इथपर्यंतच चालतो. कागद नुसता अडवतो, मिथिल गट बोलावतोही.

अडवण्याचे उदाहरण सीटीसीएफ हे प्रथिन. आयजीएफ२ या वाढीच्या जनुकाजवळ ते आईकडून आलेल्या प्रतीवर बसते आणि जनुक गप्प राहते. वडिलांकडच्या प्रतीवर मिथिल गट असल्याने त्याला बसता येत नाही, म्हणून तिथे जनुक चालू असते. मिथिल म्हणजे कुलूप, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे.

बोलावण्याचे काम एमईसीपी२ हे प्रथिन करते. शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने ते १९९२ मध्ये शोधले. त्याचा मिथिल ओळखणारा भाग डीएनएच्या पिळातल्या मोठ्या खाचेत उतरतो आणि त्यातली दोन आर्जिनिन (प्रथिनाचे घटक असलेली अमिनो आम्ले, १११ व १३३ क्रमांकांची) डीएनएच्या दोन्ही धाग्यांवरच्या ग्वानीनना धरतात. मग एमईसीपी२ एनकोर या प्रथिनांच्या संकुलाला आणते, त्यातले विकर (एन्झाइम) हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, ॲसिटिल गट काढते आणि जनुकाचे वाचन मंदावते.

पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा असतो. जुन्या कार्डावरून नवे कार्ड ठोकताना चिकटवलेले कागदही उतरवून घ्यावेत, तसे यूएचआरएफ१ हे प्रथिन करते: जुन्या धाग्यावरचे मिथिलित सायटोसीन चक्क पिळाबाहेर वळवून आपल्या खळग्यात घेते आणि मिथिल गट जोडणाऱ्या डीएनएमटी१ विकराला तिथे आणते.

खूण वाचणाऱ्या या प्रथिनांचे मोल रेट सिंड्रोम या आजारात कळते. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत नीट वाढणारी मुलगी शिकलेले शब्द विसरते, खेळणे धरायचे सोडते आणि सतत हात पिळत राहते. शास्त्रज्ञ हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये याचे कारण एमईसीपी२च्या जनुकातील बिघाड असल्याचे दाखवले. वर सांगितलेले १३३ क्रमांकाचे आर्जिनिन बदलले तरी हा आजार होतो. २००७ मध्ये बर्ड यांच्या गटाने हे जनुक बंद ठेवलेल्या, आजार जडलेल्या प्रौढ उंदरांत ते पुन्हा चालू केले. त्यांची बरीच लक्षणे ओसरली.