रेसिडेन्सीतला संसार

डॉक्टर मुलीसाठी स्थळं बघायला लागलं की घरची मंडळी हमखास म्हणतात, "मुलगाही डॉक्टरच बघू या, हिच्या ड्युट्या दुसऱ्या कुणाला झेपायच्या नाहीत." या पेशात, त्यातही रेसिडेन्सीत म्हणजे एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात ड्युट्या करत पदव्युत्तर शिक्षण (पीजी) घेण्याच्या वर्षांत, संसाराची आबाळ होते, ही त्यामागची धास्ती. ती निराधार नाही. पण आबाळ कधी होते, कुणाची जास्त होते आणि कशामुळे, यावर बरंच संशोधन झालं आहे आणि त्याचे निष्कर्ष आपल्या समजुतीत बसत नाहीत.

आधी घटस्फोटाचं बघू. २०१५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकी जनगणनेच्या पाहणीवर आधारलेला मोठा अभ्यास आला. आयुष्यात कधी तरी घटस्फोट झालेल्यांचं प्रमाण डॉक्टरांमध्ये सुमारे २४ टक्के, वकिलांमध्ये २७, नर्सेसमध्ये ३३ आणि आरोग्यक्षेत्राबाहेरच्या इतर लोकांमध्ये ३५ टक्के निघालं. डॉक्टरांची लग्नं जास्त मोडतात, हा समज तिथे तरी टिकत नाही. मात्र स्त्री डॉक्टरांमध्ये हे प्रमाण पुरुष डॉक्टरांपेक्षा बरंच जास्त होतं. आठवड्याला ४० तासांहून अधिक काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांमध्ये ते आणखी वाढत होतं, आणि पुरुषांमध्ये नेमकं उलटं चित्र होतं. नवरा राबला तर घर सांभाळून घेतं, बायको राबली की घर जाब विचारतं, असाच अर्थ मला त्यातून दिसतो.

दुसरा अभ्यास जुना, पण आपल्या विषयाच्या जास्त जवळचा. जॉन्स हॉपकिन्समधून १९४८ ते १९६४ या काळात पदवी घेतलेल्या हजाराहून अधिक विवाहित डॉक्टरांची माहिती संशोधकांनी अनेक दशकं गोळा केली आणि १९९७ साली निष्कर्ष मांडले. पदवीआधी लग्न केलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा घटस्फोट झाला होता, पदवीनंतर केलेल्यांपैकी २३ टक्क्यांचा. कमी वयातलं लग्न हेही त्याचं एक कारण असू शकेल. तरी शिकण्याची वर्षं संसाराला भारी पडतात, असा संशय घ्यायला इथे नक्कीच जागा आहे.

त्या वर्षांत होतं तरी काय? आपल्याकडच्या एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या जेआर-वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची, इमर्जन्सी (तातडीच्या रुग्णांची ड्युटी) बघा. सकाळी सातच्या आत वॉर्डात हजर. राऊंडआधी रक्ताचे नमुने घ्यायचे, ड्रेसिंग करायची, कालचे रिपोर्ट गोळा करायचे. मग ओपीडी. दुपारनंतर कॅज्युअल्टीतून ॲडमिशन सुरू होतात त्या रात्रभर थांबत नाहीत. पहाट झाली म्हणून सुटका नाही. पुन्हा राऊंड, पुन्हा वॉर्डातली कामं, डिस्चार्ज कार्डं. रूमवर पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते. असे सलग ३६ तास, आणि त्यानंतर नवऱ्याला किंवा बायकोला फोन.

तो फोन बऱ्याचदा भांडणात का संपतो, याचं उत्तर मेंदूत आहे. २००७ सालच्या एका प्रयोगात तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. भीती आणि राग यांच्याशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग झोप झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात सुमारे ६० टक्के जास्त पेटून उठत होता. कपाळामागचा जो भाग एरवी त्याला आवर घालतो, त्याच्याशी असलेला त्याचा दुवाही सैल पडला होता. २०१८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात जागरण झालेल्या माणसांना समोरून येणारी व्यक्ती अधिक लांबच थांबायला हवी होती. प्रेम आटलेलं नसतं, मेंदूला माणूस जवळ यायला नको असतो. जोडप्यांवरचा २०१४ सालचा अभ्यास तर सांगतो की दोघांपैकी एकाची झोप बिघडली, तरी एकमेकांच्या भावना ओळखण्यात दोघंही कमी पडतात. भांडण मिटण्याची शक्यता सर्वाधिक असते ती दोघांची झोप नीट झालेली असताना. म्हणजे रेसिडेंटचं जागरण घरी बसलेल्या जोडीदारालाही भोवतं.

झोपेइतकाच प्रश्न वेळेचा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या जोडीदारांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी आपण नात्यात समाधानी असल्याचं सांगितलं. पण कोण समाधानी आणि कोण नाही, याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट होती ती म्हणजे दोघं रोज जागेपणी एकत्र किती वेळ घालवतात.

आता हा हिशेब रेसिडेन्सीला लावून बघा. आठवड्याचे तास १६८. ड्युटी ९० तासांची धरली आणि झोप रोजची सात तास, तर उरतात २९. त्यात जेवण, कपडे, थिसिस, परीक्षेचा अभ्यास. दोघंही रेसिडेंट असतील आणि इमर्जन्सी वेगवेगळ्या वारी असतील, तर एक जागा असताना दुसरा झोपलेला. 'मुलगाही डॉक्टरच बघू' हा तोडगा इथे उलटतो. समजूतदारपणा वाढतो खरा, पण एकत्र मिळणारा वेळ आणखी घटतो.

यात बाईची बाजू जास्त अवघड आहे. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक इंटर्नच्या २०१७ सालच्या अभ्यासात इंटर्नशिपमध्ये नैराश्याची लक्षणं सगळ्यांमध्ये वाढली, मुलींमध्ये जास्त. या फरकाचा सुमारे ३६ टक्के भाग घर आणि काम यांच्या ओढाताणीचा होता. त्यात वयाचं गणितही आडवं येतं. एमबीबीएस आणि इंटर्नशिप होईतो २३-२४, मग नीट-पीजी या प्रवेश परीक्षेची तयारी, तीन वर्षं पीजी, वर्षभराचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा) आणि सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. मूल होण्यासाठी शरीराला अनुकूल असलेला जवळपास सगळा काळ यात जातो. गर्भधारणेसाठी प्रयत्न केलेल्या अमेरिकी स्त्री डॉक्टरांच्या एका पाहणीत जवळजवळ चौथ्या हिश्शाला वंध्यत्वाचं निदान झालेलं होतं.

शिवाय पीजीची सीट प्रवेश परीक्षेतल्या रँकवर मिळते, त्यामुळे एकाला नागपूर आणि दुसऱ्याला मुंबई, हे नेहमीचंच. अमेरिकेत १९८४ पासून जोडप्यांना पसंतीक्रम जोडून देण्याची सोय आहे. आपल्या काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे सीटवाटपाच्या प्रक्रियेत, ती आणायला काय हरकत आहे, हे मला खरंच कळत नाही.

तासांचं म्हणाल तर युरोपीय संघात शिकाऊ डॉक्टरांसाठी सरासरी ४८ तासांची मर्यादा २००९ पासून पूर्णपणे लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारचा आदेश त्याहून जुना, १९९२ चा: सर्वसाधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास. तो कागदावर राहिला. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला आढळलं की पीजी करणारे सुमारे ४५ टक्के विद्यार्थी आठवड्याला ६० तासांहून जास्त राबतात आणि निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. या गटाने शिफारस केली ती ७४ तासांची आणि एका सुट्टीची. १९९२ च्या मर्यादेहून २६ तास जास्त, आणि तेवढंही मिळालं तर रेसिडेंट हायसं वाटून घेतील, अशी परिस्थिती आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. महिन्याची ड्युटी लिस्ट लावताना प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी आधी लिहायची, मग इमर्जन्सी वाटायच्या, आणि एकाच कॉलेजातल्या नवरा-बायकोच्या सुट्ट्या जमतील तिथे एका दिवशी आणायच्या. यासाठी दिल्लीहून पत्र यावं लागत नाही. दोन विभागप्रमुखांनी मनावर घेतलं तर पुढच्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकतं.