मोजणाऱ्यांना गप्प केल्यावर

6 जानेवारी 1937 रोजी सोव्हिएत संघात जनगणना झाली. तीन वर्षांपूर्वी स्टालिनने पक्षाच्या अधिवेशनात देशाची लोकसंख्या 16 कोटी 80 लाख असल्याचे जाहीर केले होते, आणि दरम्यानच्या काळात ती बरीच वाढली असणार असे सारे धरून चालले होते. प्रत्यक्ष मोजणीत मात्र सुमारे 16 कोटी 20 लाखच माणसे भरली. शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणातून 1932-33 मध्ये ओढवलेल्या उपासमारीत जी लाखो माणसे गेली, त्यांची उणीव त्या आकड्यात उघड दिसत होती. निष्कर्ष दडपण्यात आले, जनगणनाच सदोष ठरवण्यात आली, ती घेणाऱ्या सांख्यिकी अधिकाऱ्यांना अटक झाली आणि त्यांतल्या काहींना गोळ्या घालण्यात आल्या. दोन वर्षांनी नवी जनगणना झाली आणि 17 कोटींचा आकडा प्रसिद्ध झाला.

ही टोकाच्या हुकूमशाहीतली घटना आहे, हे खरे. पण निवडून आलेले नेतृत्व एकाधिकाराकडे झुकू लागते तेव्हा काय धोक्यात येते, हे समजण्यासाठी ती उपयोगी पडते. अशा नेतृत्वाच्या खोट्या भाषणांची चर्चा खूप होते; मला मात्र मोजणाऱ्या यंत्रणांवरचा हल्ला अधिक गंभीर वाटतो. खोट्या भाषणाला उत्तर देता येते, पण ज्या आकड्यांच्या आधारे उत्तर द्यायचे तेच हातात राहिले नाहीत, तर दोन विरोधी मतांच्या माणसांना एकमेकांशी भांडण्यापुरतीही सामाईक जमीन उरत नाही.

अर्जेंटिनात हे निवडून आलेल्या सरकारच्या काळात घडले. 2007 मध्ये तेथील राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या कारभारात सरकारने हस्तक्षेप केला आणि त्यानंतर महागाईचा अधिकृत दर प्रत्यक्षाहून कितीतरी कमी दिसू लागला. काही सरकारी रोख्यांचा परतावा महागाईच्या दराशी जोडलेला असल्यामुळे दर कमी दाखवण्यात सरकारचा थेट पैशांचा फायदाही होता. स्वतंत्र अर्थतज्ज्ञांनी आपले अंदाज प्रसिद्ध केले, तेव्हा 2011 मध्ये त्यांना दंड ठोठावण्यात आला. मग विरोधी पक्षाच्या खासदारांनी त्या सर्व अंदाजांची सरासरी काढून ती दर महिन्याला स्वतः जाहीर करण्यास सुरुवात केली, कारण खासदारांना संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण होते. महागाईचा दर सांगण्यासाठी विशेषाधिकाराची ढाल लागावी, यातच त्या लोकशाहीची अवस्था कळते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2013 मध्ये या आकडेवारीबद्दल अर्जेंटिनाची औपचारिक निर्भर्त्सना केली.

आकडे फुगवले जातात हे बाहेरून ओळखता येते का? लुईस मार्टिनेझ या अर्थशास्त्रज्ञाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या प्रकाशाचा आधार घेतला. अर्थव्यवस्था वाढते तेव्हा रात्रीचे दिवेही वाढतात, आणि अवकाशातून दिसणारा उजेड कोणत्याही मंत्रालयाला बदलता येत नाही. दिव्यांमध्ये सारखीच वाढ झालेली असताना हुकूमशाही देश लोकशाही देशांपेक्षा अधिक आर्थिक वाढ नोंदवतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबाने हुकूमशाही राजवटी वार्षिक वाढीचा दर सुमारे 35 टक्क्यांनी फुगवून सांगतात. फरक पडतो तो आकडा तपासणाऱ्या संसदेमुळे, न्यायालयांमुळे आणि वृत्तपत्रांमुळे. राज्यकर्त्यांच्या मनात मोह दोन्हीकडे असतोच.

यावर कोणी म्हणेल की लोक इतके भोळे नसतात. पण येथे भोळेपणाचा प्रश्नच नाही. लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा प्रत्येकी 60 विधाने देऊन ती कितपत खरी वाटतात हे विचारले. त्यांतली काही विधाने प्रत्येक वेळी तीच होती. जी विधाने पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटू लागली. परिचित गोष्ट मेंदूला समजायला सोपी जाते आणि त्या सोपेपणालाच आपण खरेपणाची खूण समजतो. अचूक उत्तर ठाऊक असलेली माणसेही याला बळी पडतात, असे 2015 च्या एका अभ्यासात दिसले. म्हणूनच, ज्याच्या हाती सर्वाधिक ध्वनिक्षेपक असतात त्याला युक्तिवाद करण्याची फारशी गरज पडत नाही. तेच वाक्य रोज म्हणत राहणे पुरेसे असते.

तरीही प्रत्येकाला पटवणे कोणत्याही सत्तेला जमत नाही, आणि माझ्या मते तिला त्याची आवश्यकताही नसते. शेजाऱ्याला काय वाटते हे कोणालाच कळू नये, एवढी व्यवस्था झाली की काम भागते. सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातील प्रयोगांत एका माणसाला इतरांच्या गटात बसवून रेषांची लांबी ओळखायला सांगत. इतर सर्वजण प्रयोगकर्त्यांना सामील असत आणि ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही अशा फेऱ्यांमधली सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या बाजूने, म्हणजे चुकीची येत. सामील असलेल्यांपैकी एकालाच खरे उत्तर द्यायला सांगितले, की हे प्रमाण झपाट्याने घसरे.

21 डिसेंबर 1989 रोजी बुखारेस्टमध्ये रुमानियाचे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांनी बोलावलेल्या सभेत हेच प्रचंड प्रमाणावर घडले. सभा दूरचित्रवाणीवर थेट दाखवली जात होती, गर्दीतून ओरडण्याचे आवाज उठले, चाउशेस्कू बोलता बोलता गोंधळून थांबले आणि प्रक्षेपण काही मिनिटे तोडण्यात आले. राजवटीबद्दलचा राग रुमानियन लोकांना नवा नव्हता. पण तो इतरांनाही आहे, आणि इतरांनाही आता हे कळले आहे, ही माहिती नवी होती. दुसऱ्या दिवशी चाउशेस्कूंना हेलिकॉप्टरमधून पळ काढावा लागला.

सामाईक सत्याची किंमत सत्ताधाऱ्यांना नेमकी कळते, याचा लेखी पुरावा पेरूमध्ये सापडला. अल्बेर्तो फुजिमोरी हे तेथील निवडून आलेले अध्यक्ष. त्यांचे गुप्तचर प्रमुख व्लादिमिरो मॉन्तेसिनोस न्यायाधीश, राजकारणी आणि माध्यमांचे मालक अशा सर्वांना लाच देत आणि पावत्या व चित्रफिती जपून ठेवत. जॉन मॅकमिलन आणि पाब्लो झोइदो यांनी 2004 मध्ये हा हिशेब तपासला. न्यायाधीशापेक्षा राजकारण्याची लाच थोडी अधिक होती. दूरचित्रवाहिनीच्या मालकाची मात्र राजकारण्याच्या सुमारे शंभर पट होती. निवडणुका होत होत्या, संसद भरत होती, न्यायालये चालू होती, आणि ते सारे तुलनेने स्वस्तात विकत मिळत होते. महाग होते ते लोकांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहणे.

चॅनेल एन ही छोटी केबल वाहिनी या खरेदीतून सुटली होती. 14 सप्टेंबर 2000 रोजी मॉन्तेसिनोस एका खासदाराला पैसे देत असल्याची चित्रफीत तिच्यावर प्रथम झळकली आणि त्यानंतर इतर वाहिन्यांनाही ती दाखवणे भाग पडले. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला; तो न स्वीकारता पेरूच्या संसदेने त्यांना पदच्युत केले.