नैराश्यासाठी मेंदूत विद्युत-उत्तेजन: मात्रा बदलण्याची घाई का करू नये

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून योग्य विद्युतप्रवाह सुरू झाला, की हाताचा कंप बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो आणि मात्रा बरोबर बसली की नाही, हे डॉक्टरांना डोळ्यांसमोर दिसते. औषधे, मानसोपचार, ईसीटी (मेंदूला विजेचे झटके देण्याचा उपचार) अशा कशालाच दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यासाठी हाच उपचार केला, तर मात्र ही सोय नसते. आज केलेल्या बदलाचा खरा परिणाम कळायला आठवडे, कधी महिनेही लागतात आणि या उपचारातील बहुतेक अडचणींचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

टोरांटो येथे मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग आणि मेंदूशल्यविशारद आंद्रेस लोझानो यांनी सहा रुग्णांवर केलेला असा पहिला प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. कपाळामागे, मेंदूच्या मध्यरेषेजवळ खोलवर असलेला ‘क्षेत्र 25’ हा भाग त्यांनी निवडला होता, कारण तीव्र नैराश्यात तो अतिसक्रिय असल्याचे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांनी, ठरावीक ठिकाणी प्रवाह सुरू होताच, मन अचानक शांत आणि हलके झाल्याचे सांगितले. काहींना खोलीतले रंग अधिक उजळ वाटले. सहा महिन्यांनंतर सहापैकी चौघांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा टिकून होती.

शस्त्रक्रियेनंतर जे बदलता येते ते मोजकेच आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडवर साधारणपणे चार संपर्कबिंदू असतात. त्यांपैकी कोणता वापरायचा, प्रवाह किती मिलिअँपिअर ठेवायचा, प्रत्येक स्पंद किती मायक्रोसेकंदांचा असावा आणि सेकंदाला किती स्पंद द्यावेत, हे सारे गळपट्टीच्या हाडाजवळ त्वचेखाली ठेवलेल्या यंत्राला बाहेरून सांगता येते. क्षेत्र 25 साठी सेकंदाला 130 स्पंद हा प्रचलित वेग आहे. तो सहसा तसाच ठेवून डॉक्टर आधी संपर्कबिंदू ठरवतात आणि मग प्रवाह हळूहळू वाढवतात. मेंदूच्या पुढच्या भागातील ‘व्हेंट्रल स्ट्रायटम’ या दुसऱ्या लक्ष्यस्थानी मात्रा जास्त झाली, तर रुग्णाला उन्मादाची सौम्य अवस्था येऊ शकते. झोपेची गरज कमी होणे, अखंड बोलणे, उतावळेपणाने खर्च करणे ही तिची लक्षणे घरच्यांना सुरुवातीला प्रकृती सुधारल्याचीच खूण वाटू शकतात, म्हणून त्यांना आधीच सावध करणे फार महत्त्वाचे आहे.

पण एखादा आठवडा वाईट गेला म्हणून लगेच मात्रा बदलावी का? घरातले भांडण, अपुरी झोप किंवा नोकरीची चिंता यांनी बरा होत आलेला माणूसही खचतो. दर वेळी प्रवाह वाढवत गेलो, तर कोणत्या बदलाने काय साधले हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसरीकडे, यंत्राची बॅटरी संपल्यानेही आजार उलटू शकतो, त्यामुळे प्रकृती ढासळली की यंत्र चालू आहे ना, याची खात्री आधी करावी लागते.

अमेरिकेत 90 रुग्णांवर झालेल्या ‘ब्रॉडन’ चाचणीत सहा महिन्यांनंतर खरे आणि लटके उत्तेजन (यंत्र बसवलेले, पण प्रवाह बंद) यांत लक्षणीय फरक आढळला नाही, हे तिच्या 2017 मधील अहवालातून स्पष्ट झाले. त्याच रुग्णांना पुढे खरे उत्तेजन मिळत राहिले, तेव्हा दोन वर्षांत जवळपास निम्म्या जणांना चांगला गुण आला. या दुसऱ्या टप्प्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे लक्षात ठेवावे लागते. नेदरलँड्समधील संशोधकांनी क्रमच उलटा केला. त्यांनी 25 रुग्णांच्या मात्रा जुळवायला वर्षभरापर्यंत वेळ दिला आणि त्यानंतरच खऱ्या व लटक्या उत्तेजनाची तुलना केली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत खरे उत्तेजन स्पष्टपणे सरस ठरले. मात्रा जुळवण्याआधीच उपचाराची परीक्षा घेणे अन्यायाचे होते, असे मला यावरून वाटते.

‘नेचर’मध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दहा रुग्णांच्या अभ्यासाने या वाट पाहण्याला एक आधार दिला. उत्तेजन देणारेच यंत्र क्षेत्र 25 मधील विद्युतलहरी नोंदवत होते आणि रुग्ण आजारी अवस्थेत आहे की स्थिर झाला आहे, हे त्या लहरींवरून संगणकाला ओळखता येत होते. एका रुग्णाच्या बाबतीत तर आजार उलटल्याचे मुलाखतीत दिसण्याच्या महिनाभर आधीच ही खूण बिघडली होती. अशी नोंद मोठ्या संख्येच्या रुग्णांमध्ये विश्वासार्ह ठरली, तर तात्पुरती खिन्नता आणि परतणारा आजार यांत डॉक्टरांना फरक करता येईल आणि पहिल्या स्थितीत मात्रेला हात न लावण्याचा निर्णय त्यांना पुराव्यानिशी घेता येईल.