डेबियन अपग्रेड झालं, मग पासवर्ड परत का बदलायचा?

तुमचा सर्व्हर डेबियन (सर्व्हर चालवणारी लिनक्स सिस्टीम) 10 वरून 11 वर नेला की आम्ही सांगतो, सगळ्यांनी एकदा पासवर्ड बदला, आणि लगेच फोन येतो की जुना चालतोय की, मग कशाला? चालतोय हे खरं आणि चालतच राहील, तीच तर गोम आहे.

सर्व्हरवर तुमचा पासवर्ड कुठंच लिहिलेला नसतो, शॅडो फाइलमधे (सगळ्यांच्या पासवर्डची नोंद ठेवणारी फाइल) नुसता त्याचा हॅश असतो, म्हणजे दळून झालेलं पीठ, त्याचे परत दाणे होत नाहीत. लॉगिन करताना तुम्ही टाइप केलेलं परत तसंच दळायचं आणि पीठ जुळतंय का बघायचं, एवढंच. ती फाइल कुणी पळवली तर तोही हेच करतो, अंदाजाने एकेक पासवर्ड दळत बसतो, म्हणून जातं, म्हणजे हॅश करायची पद्धत, जड हवं.

डेबियन 10 चं डीफॉल्ट जातं एसएचए-512, पाच हजार फेऱ्या. पण त्याला मेमरी जवळपास लागतच नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवर एकाच वेळी हजारो अंदाज चालवता येतात. 2021 मधे डेबियन 11 ने डीफॉल्ट येसक्रिप्ट हे नवं जातं केलं, त्याला प्रत्येक अंदाजामागे साधारण 16 एमबी मेमरी लागते, तिथं कार्डाची सगळी मस्ती उतरते.

अपग्रेडने जातं बदलतं ते पुढच्या पासवर्डसाठी. जुन्याचं नवं पीठ करायला मूळ दाणे हवेत, आणि ते सिस्टीमकडे नाहीतच, फक्त तुमच्या डोक्यात आहेत.

बघायचं असेल तर रूटने (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याने) शॅडो फाइल उघडा, नावापुढे दोन डॉलर चिन्हांच्या मधे 6 असेल तर जुना, इंग्रजी वाय असेल तर नवा. 1 दिसला तर तो एमडी5, त्याहूनही जुनं जातं, आजच बदला, तो बनवणाऱ्या पॉल-हेनिंग कॅम्पनेच 2012 मधे सांगून टाकलं की आता हा सुरक्षित समजू नका.

बदलल्यावरही 6 च येत असेल तर बहुतेक पॅमची (लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणारा सिस्टीमचा भाग) सेटिंग कुणीतरी पूर्वी हाताने बदललेली असते, आम्हाला कळवा. आणि नवी शॅडो फाइल जुन्या डेबियन 10 मशीनवर कॉपी करू नका हं, त्याला येसक्रिप्ट कळत नाही, बाहेरच अडकाल.