पाउच छापण्याआधी नाव तपासा : ट्रेडमार्कचा शोध, पात्रता आणि कागदपत्रं

माझ्या मावसबहिणीने सिंहगड रस्त्यावरच्या राहत्या घरातून गोडा मसाला आणि मेतकूट विकायला सुरुवात केली, तेव्हा तिच्याकडे सगळे कागद होते. शॉप अ‍ॅक्टची पावती, उद्यम नोंदणी, फूड लायसन्स. पाच हजार पाउच छापून झाले होते. आठव्या महिन्यात दुसऱ्या एका मसालेवाल्याच्या वकिलाची नोटीस आली : तुमचं नाव आमच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कसारखं ऐकू येतं, वापर थांबवा. उरलेले पाउच रद्दीत गेले. ज्या शोधाने हे टळलं असतं तो फुकट आहे आणि घरबसल्या होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गैरसमज. शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, उद्यम, फूड लायसन्स यांपैकी कशानेही नावावर हक्क मिळत नाही. ही खाती तुमचा धंदा नोंदवतात, नाव दुसऱ्याचं आहे का हे पाहत नाहीत. आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयाच्या कक्षेत कंपनी स्थापन झाली, नाव मंजूर झालं, तरी ट्रेडमार्क वेगळाच राहतो. उलट, दुसऱ्याचा नोंदणीकृत ट्रेडमार्क त्याच प्रकारच्या मालासाठी स्वतःच्या फर्मचं नाव म्हणून वापरणं हे ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार उल्लंघन ठरतं.

आता शोध. आयपी इंडिया, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कसाठी ‘पब्लिक सर्च’ आहे. कॅप्चाचे सोपस्कार उरकले की तीन वाटा दिसतात : वर्डमार्क (नावाच्या अक्षरांवरून), फोनेटिक (उच्चारावरून) आणि व्हिएन्ना कोड (लोगोतल्या चित्राच्या ठरलेल्या क्रमांकावरून). शोधताना वर्ग, म्हणजे क्लास, द्यावा लागतो. एकूण ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. मसाले, चहा, कॉफी, पीठं ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, कपडे २५ मध्ये, दागिने १४ मध्ये, हॉटेल आणि खानावळ ४३ मध्ये, शिकवणी ४१ मध्ये, दुकानदारीची सेवा ३५ मध्ये. फक्त आपल्या वर्गात पाहून थांबू नका. मसाला विकणाऱ्याने २९, ३०, ३५ आणि ४३ हे चारही वर्ग पाहावेत, कारण ‘सारखा माल’ म्हणजे ‘एकच वर्ग’ असा नियम नाही.

बहुतेक जण इथेच चुकतात. समजा, ‘झणका’ हे नाव मनात आहे. वर्डमार्कमध्ये ते टाकलं, काही आलं नाही, की लोक निर्धास्त होतात. पण मराठी नाव रोमन अक्षरांत अनेक तऱ्हांनी लिहिलं जातं : सुरुवातीला झेड की जे, पुढे एच आहे की नाही, शेवटी एक ए की दोन. देवनागरी लोगो असला तरी नोंदीत नाव बहुधा रोमन अक्षरांतच सापडतं. म्हणून प्रत्येक स्पेलिंग टाकून पाहा. ‘स्टार्ट विथ’ऐवजी ‘कंटेन्स’ निवडा, म्हणजे तुमचा शब्द मध्ये किंवा शेवटी असलेली नावंही येतील. मग फोनेटिक शोध घ्या आणि यादी मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने. किराणा दुकानात गिऱ्हाईक नाव उच्चारून माल मागतं, स्पेलिंग सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. ती निम्मीच जुळतात. पण जेमतेम आठवणीवर विसंबणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या कानाला ती कशी लागतील, याचा विचार न्यायालयाने केला. माझ्या बहिणीचं नावही असंच फक्त कानाला जुळत होतं. लोगोत चित्र असेल तर व्हिएन्ना कोडने तसली चित्रंही पाहून घ्या.

सापडलेल्या नावापुढचा शेरा नीट वाचा. ‘रजिस्टर्ड’ म्हणजे विषय संपला. ‘ऑब्जेक्टेड’ (कार्यालयाची हरकत) किंवा ‘अपोज्ड’ (दुसऱ्या कोणाचा विरोध) म्हणजे नाव मोकळं झालं, असं समजू नका. तो अर्ज अजून जिवंत आहे आणि तुमच्या आधीचा आहे. ‘रिफ्यूज्ड’ (नाकारलेला) किंवा ‘अबँडन्ड’ (सोडून दिलेला) असेल तर वाट बरीच मोकळी, मात्र तो माणूस बाजारात तेच नाव वापरतो आहे का, हे पाहा. ‘रिमूव्ड’, म्हणजे नूतनीकरण न झाल्याने नोंदवहीतून काढलेल्या नावाबाबतही सावध राहा : मुदत संपल्यापासून वर्षभरात मालक नोंदणी पुन्हा जिवंत करू शकतो.

नोंदवहीबाहेरचा शोधही तितकाच गरजेचा. कायदा आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण देतो, त्याने नोंदणी केलेली नसली तरीही. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. ‘बर्गर किंग’ नावाचं इथलं हॉटेल १९९२ पासून चालू आहे. अमेरिकन कंपनीची भारतातली दुकानं २०१४ साली सुरू झाली. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने दावा लावला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि मग प्रकरण वर गेलं. तेव्हा गुगल, इन्स्टाग्राम, डिलिव्हरी अ‍ॅप पाहाच. शिवाय मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात एक फेरी मारा. तिथल्या थप्प्यांवर अशी नावं दिसतात जी कुठल्याच संकेतस्थळावर नाहीत.

काही नावं मोकळी असूनही मिळत नाहीत. ‘खमंग’, ‘चविष्ट’, ‘घरगुती’ हे मालाचं वर्णन झालं. ‘पुणेरी’ म्हणजे ठिकाण. नुसत्या अशा शब्दांवर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने निर्बंध आहे, हे आपल्याकडे आवर्जून लक्षात ठेवायला हवं.

अर्ज कोणालाही करता येतो : एकटी व्यक्ती, भागीदारी, एलएलपी, कंपनी, ट्रस्ट. व्यवसाय सुरू झालेला असण्याची अट नाही. ‘पुढे वापरणार’ असं लिहूनही चालतं. फॉर्म टीएम-ए ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी डिजिटल सही लागते. महाराष्ट्र मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाखाली येतो, पण पुण्याहून हेलपाटा घालायची गरज नाही. शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. कागदी अर्जाला अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. हे प्रत्येक वर्गासाठी वेगळं. म्हणजे मसाला आणि लोणचं दोन्ही असेल तर व्यक्तीला ऑनलाइन ९,०००.

सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा; लोगो असल्यास त्याचं स्वच्छ चित्र; भागीदारी असल्यास करारपत्र, कंपनी असल्यास स्थापनेचं प्रमाणपत्र; फर्मला सवलत हवी असेल तर उद्यम किंवा स्टार्टअपचं प्रमाणपत्र; वकिलामार्फत असेल तर त्याला अधिकार देणारा फॉर्म टीएम-४८. मराठी शब्दाचं लिप्यंतर आणि अर्थही लिहून तयार ठेवा. नाव आधीपासून वापरत असाल तर पहिल्या वापराची तारीख सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि त्या काळातली बिलं लागतात. ही बिलं फार मोलाची, पहिल्या दिवसापासून जपा.

परीक्षण अहवालात हरकत आली तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज स्वीकारला गेला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि इतरांना विरोधासाठी चार महिने मिळतात. त्यातून सुटलं की नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. तोवर पाउचवर ‘टीएम’ छापता येतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे.