विश्वासू आई, प्रार्थनाशील आजी: एका स्मरणपरंपरेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती कुटुंबातली आई किंवा आजी प्रभूमध्ये निजली, की स्मरणार्थ उपासनेत तिच्याविषयी काय बोललं जाणार हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. प्रार्थनाशील होती, उपासना कधी चुकवली नाही, मुला-नातवंडांना देवाच्या वचनात वाढवलं. सगळ्यांच्या आयांबद्दल हेच कसं म्हणतात, असा प्रश्न मनात येतो. पण या परंपरेच्या मुळाशी असलेलं लेखन पाहिलं तर ते इतकं गुळगुळीत नाही.

नव्या करारात ‘आजी’ एकदाच येते. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात. तीमथ्याचा निष्कपट विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, एवढंच तिथे म्हटलं आहे. त्याचा बाप ग्रीक होता, म्हणून लहानपणापासून त्याला शास्त्राची ओळख झाली ती या दोघींमुळे, असं सहसा मानतात. दुसरा नेहमीचा उतारा जुन्या करारातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातला. अंत्यविधीत त्यातली स्तुतीची वचनं हमखास ऐकू येतात. मात्र ती सद्गुणी स्त्री रात्र सरण्याआधी उठते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते. चांगली हिशेबी बाई आहे ती!

चौथ्या शतकात आजी थेट वादात पुरावा म्हणून उभी राहिली. कैसरियाचा बिशप बासिल याच्या श्रद्धेवर शंका घेतली गेली, तेव्हा त्याने निओकैसरियाच्या लोकांना लिहिलं की माझी आजी माक्रिना तुमच्यातलीच, मला तिनेच वाढवलं, माझ्या विश्वासाला याहून उघड दाखला कोणता हवा? ही माक्रिना रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात नवऱ्यासोबत रानात लपून राहिलेली. बासिलचा मित्र ग्रेगरी नाझियानझस याने आपल्या आईवर, नोन्नावर, डझनावारी छोट्या कविता केल्या. ती चर्चमध्ये प्रार्थना करतानाच गेली, ही एकच गोष्ट तो त्यांत पुन्हा पुन्हा सांगतो.

पण या सगळ्यांत वरचढ ठरते ती मोनिका. तिचा मुलगा, पुढे चर्चचा थोर धर्मपंडित ठरलेला ऑगस्टीन, याचा बाप्तिस्मा 387 साली मिलानमध्ये झाला आणि त्याच वर्षी, आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली. वयाच्या 56व्या वर्षी. दहा-बारा वर्षांनी ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या नवव्या भागात तिचं जे चित्र काढलं, त्यात तिची एक लाजिरवाणी गोष्टही आहे. मुलगी असताना तिला पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवत. ती आधी नुसते ओठ लावी, मग हळूहळू पेलेच्या पेले रिचवू लागली, आणि एका दासीने भांडणात ‘दारुडी’ म्हटल्यावर तिने ती सवय सोडली. आजच्या कुठल्या शोकसभेत मुलगा हे सांगेल? हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस नेण्याचा तिचा रिवाज होता, तोही मिलानमध्ये बिशप अँब्रोजची मनाई असल्याचं कळल्यावर तिने मुकाट्याने बंद केला.

तिचा प्राण गेला तेव्हा नातू आदेओदातुस मोठ्याने रडू लागला आणि मोठ्यांनी त्याला गप्प केलं. पुनरुत्थानाची आशा असलेल्यांनी आक्रोश करायचा नाही, ही समजूत. ऑगस्टीननेही दफनात डोळे कोरडे ठेवले. अंघोळीने दुःख हलकं होतं असं ऐकून तो स्नानाला गेला, उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर मात्र त्याला रडू आवरलं नाही. माझ्या मते आईच्या आठवणीत स्वतःची ही ओढाताण लिहून ठेवणं हेच त्याचं खरं धाडस.

शरीर कुठेही पुरा, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा, असं मोनिकाने सांगितलं होतं. अख्ख्या ग्रंथात तिचं नाव एकदाच येतं, तेही या विनंतीच्या ओघात, वाचकांनी वेदीजवळ तिची आणि नवरा पॅट्रिशियस याची आठवण ठेवावी म्हणून.

वेदीजवळची ही आठवण पुढे मृतांसाठीच्या नियमित प्रार्थनेत बसवली गेली. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाने 2 नोव्हेंबर हा दिवस त्यासाठी ठरवला आणि कॅथलिक चर्चमध्ये आजही त्या दिवशी मृतांसाठी मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) अर्पण होतो. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी मृतांसाठीची मध्यस्थी नाकारली. मग प्रॉटेस्टंट अंत्यविधीत बोलायचं काय? गेलेल्या व्यक्तीबद्दल देवाचे आभार आणि मागे राहिलेल्यांसाठी बोध. इंग्लंडमधल्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या सुधारणावाद्यांना, तेवढंही खपेना. 1645 च्या उपासनाविधीत त्यांनी दफन कुठल्याही समारंभाविना करायला सांगितलं.

जर्मनीतल्या लूथरपंथीयांनी मात्र ही मुभा पुरेपूर वापरली. तिथे अंत्यविधीचं प्रवचन छापून वाटत, त्याला जीवनवृत्तांत जोडलेला असे: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मुलं, दुखणं, शेवटचे तास. एकट्या स्टोलबेर्ग या सरदार घराण्याच्या संग्रहातच अशी वीस हजारांहून अधिक प्रवचनं आहेत. छपाईचा खर्च परवडणाऱ्यांचीच ही कहाणी, पण त्यात बाळंतपणात दगावलेल्या तरुण आयांनाही जागा मिळाली. ठरावीक साचा पक्का झाला तो इथे, असं मला वाटतं. शेवट शांतपणे, ओठांवर वचन घेऊन झाला, हे सांगणं जवळजवळ सक्तीचं बनलं आणि पिंपातला द्राक्षारस गायब झाला.

ज्यांच्यासाठी कुणी प्रवचन छापलं नाही, त्यांच्या नोंदी घरच्या बायबलात उरल्या. जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये जन्म, लग्न, मृत्यू लिहायला कोरी पानं असत. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शन मिळवण्यासाठी ही पानं फाडून अर्जाला जोडली, ती सरकारी दप्तरात अजून आहेत.

‘मदर्स डे’ची सुरुवातही स्मरणार्थ उपासनेचीच. अमेरिकेतल्या ॲना जार्विस हिची आई चर्चच्या शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात) शिकवायची; ती 1905 साली वारली. 10 मे 1908 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी, आईच्याच मेथडिस्ट चर्चमध्ये ॲनाने उपासना ठेवली आणि आईच्या आवडीची पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. 1914 साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिवस जाहीर केला. फुलवाले, मिठाईवाले आणि कार्ड छापणारे लगोलग या दिवसाचा धंदा करायला पुढे सरसावले, आणि ॲना पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी भांडत राहिली; ती 1948 साली वारली.